रविवारचा बंदोबस्त

परमेश्वराने सहा दिवसांत सृष्टी निर्माण करून सातव्या दिवशी विश्रांती घेतली, ही हकीकत उत्पत्तीच्या पुस्तकात आरंभीच नमूद आहे. परंतु ती वाचताना एका गोष्टीकडे भाष्यकारांचे जावे तितके लक्ष गेलेले दिसत नाही, आणि ती ही की, आदाम आणि हव्वा यांना त्या वेळी मुले झालेली नव्हती. काइन आणि हाबेल पुढे चौथ्या अध्यायात अवतीर्ण होतात, आणि त्यानंतर त्या कुटुंबात कोणी विश्रांती घेतल्याचा उल्लेख निदान माझ्या वाचनात नाही.

आम्ही मूळचे वसईचे. पोर्तुगीज अमदानीत बाप्तिस्मा घेतलेले, १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला सर केल्यावर पेशव्यांची रयत झालेले, आणि हल्ली नोकरीच्या निमित्ताने सुरतेस बिऱ्हाड केलेले. एवढ्या राज्यक्रांत्या पचविलेल्या घराण्यास एक रविवार पाळणे जड जाऊ नये, असे कोणासही वाटेल. वसईस ते जड जातही नाही. कारण पापडी असो, नंदाखाल असो वा सांडोर असो, तेथे माणूस रविवार पाळीत नसून रविवारच माणसास पाळीत असतो. पहाटेची घंटा झाली की आळीतल्या प्रत्येक दारातून माणसे देवळाच्या वाटेला लागतात, आणि जो लागत नाही त्याच्या प्रकृतीची चौकशी मिस्सा सुटताक्षणी इतक्या आस्थेने होते की, पुढल्या रविवारी तो अंगात ज्वर असतानाही पहिल्या बाकावर येऊन बसतो. सुरतेत आमच्या इमारतीत ख्रिस्ती बिऱ्हाड आमचे एकट्याचेच. वसईस देवळात न जाण्यासाठी धैर्य लागते, येथे ते जाण्यासाठी लागते. रविवारी सकाळी आम्ही सहकुटुंब इस्त्रीचे कपडे घालून बाहेर पडताना पाहून शेजारच्या कापडदलाल काकांनी पहिले काही महिने आमच्या ज्ञातीत दर आठवड्यास कोणाचे तरी लग्न निघते असा समज करून घेतला होता, आणि “तमारामां लगन बहु होय छे, नहीं?” असे विचारून, आहेराच्या खर्चाबद्दल माझे सांत्वनही केले होते.

धर्मशास्त्र या बाबतीत निःसंदिग्ध आहे. रविवारच्या मिस्साला हजर राहणे प्रत्येक कॅथलिकावर बंधनकारक असून सबळ कारणावाचून गैरहजर राहणे हे गंभीर पाप होय. आणि सबळ कारणांत आजारपण व तान्ह्या बालकाचे संगोपन या दोहोंचा निर्देश १९९२ सालच्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात केलेला आहे. हा निर्देश आमच्या ज्येष्ठ चिरंजीवांच्या दृष्टीस पडला त्या दिवसापासून घराला कचेरीची कळा आली. चिरंजीव पुढे वकील होणार हे त्यांच्या आजीने बारशाच्या दिवशीच ओळखले होते. त्यांनी आणि कन्येने मिळून अशी दरखास्त गुदरली की, धाकट्या भावाच्या संगोपनार्थ उभयतांस दर रविवारी घरी राहण्याची परवानगी असावी. सदरहू बालक त्या समयी दुसऱ्या इयत्तेत शिकत होते आणि दरखास्तीची सुनावणी चालू असता दिवाणखान्यात एकट्याने क्रिकेट खेळत होते. दरखास्त नामंजूर झाली. तेव्हा बालकाने स्वतःच्या वतीने निराळा अर्ज केला. हे बंधन सातवे वर्ष पूर्ण झाल्यावर लागू होते, असे त्याने थोरल्याकडून ऐकले होते. म्हणून आपण अद्याप सहाच वर्षांचे आहोत, असे त्याने जाहीर केले. जन्माचा दाखला पुढे केला, तर तो सरकारी आहे, देवाचा नव्हे, अशी हरकत निघाली. अखेर वसईच्या देवळातून बाप्तिस्म्याचा दाखला मागवावा लागला, आणि त्यावरचा शिक्का न्याहाळून झाल्यावरच त्याने प्रकरण मागे घेतले.

याहून बिकट बाब उपवासाची. आमच्या आजोबांच्या तरुणपणी कम्युनियन घेणाऱ्यास मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा वर्ज्य असे. बारावे पायस पोप झाल्यावर त्यांनी पाण्याची मोकळीक दिली आणि १९५७ साली अन्नाची मुदत तीन तासांवर आणली. पुढे १९६४ साली सहाव्या पॉल यांनी ती एका तासावर आणून ठेवली. रोममधील या थोर पुरुषांना सुरतेतील लोचो ठाऊक असता तर त्यांनी इतके औदार्य दाखविले असते की नाही, याची मला शंका आहे. लोचो हा हरभऱ्याच्या डाळीचा वाफवलेला, ना धड घट्ट ना धड पातळ असा पदार्थ. वर तेलाची धार, बारीक शेव, चिरलेला कांदा आणि हिरवी चटणी. खमण करता करता तो बिघडला आणि त्यातून लोचो निपजला, असे सुरतकरच सांगतात. एका मूळ पापातून एवढे पुण्य पदरात पडल्याचे दुसरे उदाहरण सांगायचे तर धर्मेतिहासातच जावे लागेल. तो खायचा गरम, आणि सकाळी. आणि रविवारी सकाळी त्याच्या दुकानासमोर जी गर्दी लोटते तीत आमच्या रिक्षाला वाट काढावी लागते. तवंगावरची चटणी नाकाशी आणून परत नेणारी ती सकाळ म्हणजे प्रत्यक्ष मोहाचे रान आहे.

चिरंजीवांनी कायद्याचे कलम बारकाईने वाचले आणि त्यांच्या असे ध्यानात आले की, एक तासाची मुदत मिस्साच्या आधीची नसून कम्युनियनच्या आधीची आहे. मिस्सा आठ वाजता सुरू होतो. वाचने, प्रवचन, दान, अर्पण हे सर्व आटोपून कम्युनियनची वेळ येते ती केव्हा, हे सर्वस्वी प्रवचनाच्या लांबीवर अवलंबून. म्हणून त्यांनी एका जुन्या वहीत प्रवचनांची रोजकीर्द ठेवावयास आरंभ केला, आणि काही महिन्यांच्या नोंदींवरून असा निष्कर्ष काढला की, आठ पन्नासच्या आत कम्युनियन होणे अशक्य असल्यामुळे सात पन्नासपर्यंत खाल्लेला लोचो हा शास्त्रोक्त होय. हा हिशेब मी दोनदा तपासून पाहिला. त्यात चूक नव्हती. याप्रमाणे आमचा क्रम सुरळीत चालू असता एका रविवारी बाहेरगावचे एक तरुण फादर मिस्साला आले, त्यांनी सहा मिनिटांत प्रवचन उरकले, आणि घड्याळात साडेआठ होऊन थोडी मिनिटे झाली न झाली तोच लोक वेदीकडे जाण्यास उठू लागले. चिरंजीव बाकावर खिळून राहिले. परतताना सारी मंडळी त्या फादरांच्या वाणीची मुक्तकंठाने स्तुती करीत असता एकट्या चिरंजीवांनी “प्रवचनात खोली नव्हती” असा अभिप्राय दिला.

सुरत ही वडोदऱ्याच्या धर्मप्रांतात मोडते. अर्थात मिस्सा आम्हांला मिळतो तो गुजरातीत किंवा इंग्रजीत. आमचे आजोबा मिस्सात लॅटिनमधून उत्तरे देत आणि त्यांस त्यातले अक्षरही कळत नसे, त्यामुळे त्यांची श्रद्धा शेवटपर्यंत अविचल राहिली. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर आमची पिढी मराठीतून उत्तरे देऊ लागली. आमची मुले गुजरातीतून देतात, आणि तीही अशा अस्खलित सुरती हेलात की, सुट्टीत वसईहून आलेल्या त्यांच्या आजीने, एवढा खटाटोप करून केलेला मिस्सा देवाच्या दप्तरी जमा होतो की नाही, याविषयी माझ्याजवळ खासगीत चौकशी केली. मी तिला फादर स्टीफन्सचे उदाहरण दिले. तो जन्माने इंग्रज, पण गोव्यात राहून त्याने मराठीत ख्रिस्तपुराण रचले आणि १६१६ साली ते छापूनही काढले. मग वसईच्या पोरांनी गुजरातीत प्रार्थना म्हटली तर काय बिघडले? आजी क्षणभर विचार करून म्हणाली, “त्याला वेळ होता. त्याला मुलं नव्हती.”

मिस्सामध्ये एकमेकांस शांती देण्याचा जो विधी आहे त्याचे खरे महत्त्व मुलाबाळांच्या माणसासच कळेल. रिक्षात कडेला कोणी बसावयाचे यावरून घरापासून देवळापर्यंत जे युद्ध पेटलेले असते, त्यातले उभय पक्ष या क्षणी समोरासमोर येतात, आणि तह करणे भाग पडते. कन्या धाकट्याचा हात हाती घेते, गोड हसते, आणि तो हात अशा नेमक्या जागी दाबते की, शांतीचा परिणाम त्याच्या डोळ्यांतून तत्काळ पाण्याच्या रूपाने प्रकट होतो. मागच्या बाकावर बसणाऱ्या एक केरळी आजीबाई हे दर रविवारी पाहतात आणि मुलाच्या भक्तिभावाने सद्गदित होऊन स्वतःही डोळे टिपतात.

चिरंजीवांचा इतिहासाचा अभ्यास एकदा सुरतेच्या पहिल्या लुटीपर्यंत आला, तेव्हा या प्रकरणास अनपेक्षित वळण लागले. आडनाव पोर्तुगीज, मायबोली मराठी आणि वर्ग गुजराती, अशा विद्यार्थ्याने त्या धड्यात कोणाच्या बाजूने उभे राहावे हा प्रश्न मूळचाच नाजूक. मी त्यास सांगितले की, १६६४ सालच्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले तेव्हा शहरात कॅपुचिन पंथाच्या फादरांचा मठ होता, आणि फ्रेंच प्रवासी बर्निए याने लिहून ठेवले आहे की, तेथील फादर आंब्रोझ यांच्या निवासास महाराजांनी धक्का लावला नाही. हे ऐकून चिरंजीवांचे समाधान झाले. दोन्ही पक्षी त्यांची अब्रू शाबूत राहिली होती. परंतु पुढे वाचता वाचता, जदुनाथ सरकारांच्या लिहिण्याप्रमाणे मराठी फौज सुरतेहून निघाली ती १० जानेवारीस, वार रविवार, सकाळी दहाच्या सुमारास, असे त्यांना आढळले. लागलीच प्रश्न आला: “म्हणजे त्या रविवारी मिस्साला सुट्टी असणार?” येथे पूर्वदाखला निर्माण होण्याचा धोका होता. तो सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातूनच ओळखला आणि तेथूनच निकाल दिला. “गाव पेटलेलं असताना ते फादर मठ सोडून हलले नाहीत,” त्या म्हणाल्या, “आणि तुला मोजा सापडत नाही म्हणून उशीर!” यावर अपील नव्हते. मला मात्र एवढेच नवल वाटते की, हजारो स्वार आणि तेवढी लूट घेऊन महाराज दहाच्या ठोक्याला सुरतेबाहेर पडू शकले, आणि आम्हां पाच जणांना साडेनवाला मिस्सा सुटूनही अकराच्या आत घर गाठता येत नाही.

घर गाठल्यावर विश्रांतीस आरंभ होतो, म्हणजे काम सुरू होते. गणवेश भिजत घालावयाचे असतात, बुटांना पॉलिश करावयाचे असते, सोमवारी शाळेत द्यावयाचा आणि रविवारी दुपारी आठवलेला तक्ता रंगवावयाचा असतो, आणि वसईकराच्या घरी रविवारी मटणाचे इंद्याल नसेल तर तो रविवार पूर्वजांस रुजू होत नाही, अशी आमची समजूत असल्यामुळे पाटा-वरवंट्याच्या जागी आलेले यंत्र तासभर घरघरत असते. एकदा कन्येचा धर्मशिक्षणाचा पाठ घेता घेता सौभाग्यवतींनी निर्गमाच्या पुस्तकातील विसावा अध्याय काढला आणि विश्रांतीची आज्ञा लक्षपूर्वक वाचली. त्या दिवशी कोणी कोणी काम करू नये याची तेथे तपशीलवार यादी आहे: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी, गुरेढोरे, आणि तुझ्या वेशीच्या आत असलेला परका माणूस. सौभाग्यवतींनी पुस्तक मिटले. “बैलाला सुट्टी आहे,” त्या म्हणाल्या, “परक्याला आहे. बायकोचं नाव कुठं आहे?”

मी यथामती खुलासा केला की, आज्ञेतील ‘तू’ या संबोधनात पत्नीचा अंतर्भाव होतो असे विद्वानांचे मत आहे. “उत्तम,” त्या म्हणाल्या, “मग कांदा चिरण्यातही तुमचा अंतर्भाव होतो.” रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने इसवी सन ३२१ मध्ये रविवारच्या सुट्टीचे जे फर्मान काढले, त्यात न्यायाधीश आणि नगरवासी यांना काम बंद ठेवण्यास फर्मावून शेतकऱ्यांस मात्र हंगाम दवडू नये म्हणून मुभा ठेवली होती, त्या आधारे मी नगरवासी असल्यामुळे कांद्यापासून मुक्त आहे, असे मांडून पाहिले. कांदा हे शेतीचे उत्पन्न असल्याचे मला सांगण्यात आले. तेव्हापासून रविवारचे इंद्याल माझ्याकडे आहे. मुलांच्या मते ते आईच्या हातचे व्हावे तसे होत नाही, आणि माझ्या मते ही टीका आज्ञाभंगास चिथावणी देणारी आहे.

तरीही या विषयावर विनोद करताना मी थोडा हात राखून करतो, आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे गिरणी-कामगारास रविवार मिळाला तो काही रोमच्या फर्मानाने मिळाला नाही. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक कार्यकर्त्याने १८८४ साली मुंबईत कामगारांच्या सभा भरवून साप्ताहिक सुट्टीची मागणी केली, आणि १० जून १८९० पासून ती मान्य झाली. मधली वर्षे अर्ज, सभा आणि मालकांच्या नकारात गेली. लोखंड्यांच्या युक्तिवादातला एक मुद्दा मला फार आवडतो. रविवार हा खंडोबाचा वार आहे, असे ते सांगत. येशू ख्रिस्त आणि खंडोबा या दोघांनी एकाच वारावर हक्क सांगितल्यावर गिरणीमालक किती दिवस टिकाव धरणार! आमच्याकडे दूध घालणारा लिंबायतचा खानदेशी गृहस्थ श्रावणातला कानबाईचा रविवार डोळ्यांत तेल घालून पाळतो, आणि साऱ्या इमारतीत आम्ही रविवारी कोठे जातो हे कोणी न सांगता समजले ते त्या एकट्यास. परंतु याच शहरात अशा कित्येक मागशाळा आहेत की जेथे बारा-बारा तासांच्या पाळ्या अहोरात्र चालतात आणि रविवार फक्त भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लाल असतो. देवळात जाण्याचा कंटाळा येण्यासाठीदेखील आधी सुट्टी असावी लागते.

दुपारी दोन ते चार या वेळात घरात निजण्याचा हुकूम असतो. मुले तो पाळीत नाहीत. ती मिस्सा करतात. इस्त्रीचे टेबल ही वेदी, तिच्यावर आईची पांढरी ओढणी, आणि धर्मगुरूच्या जागी कन्या. स्त्रियांस हा अधिकार चर्चने दिलेला नाही, ही बाब चिरंजीवांनी निदर्शनास आणली असता तिने त्यांस वेदीसेवकाच्या पदावरून बडतर्फ केले. प्रसादासाठी सकाळच्या पोळीतून बाटलीच्या झाकणाने चकत्या पाडलेल्या असतात, गोल, एकसारख्या आणि कडेला किंचित वर उचललेल्या. द्राक्षासवाच्या जागी कोकमाचे सरबत. गुजरातेत १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा अंमल आहे आणि त्यात धर्मविधीसाठी लागणाऱ्या द्राक्षासवापुरती सवलत ठेवलेली आहे, हे चिरंजीवांस ठाऊक. म्हणून बडतर्फ सेवक आता अबकारी अंमलदार होऊन दाराशी उभे राहिले आणि परवाना मागू लागले. प्रवचन झाले ते परक्याची खोडरबरे चोरण्याच्या पापावर, आणि त्यात पापी माणसाचे नाव घेतले गेले. पापी माणसाने अर्पणाच्या वेळीच दोन चकत्या खाऊन टाकल्या होत्या, म्हणून एक तासाच्या नियमाखाली त्यास कम्युनियन नाकारण्यात आले. त्यावर त्याने आपण उद्यापासून प्रॉटेस्टंट होणार असल्याचे इतक्या मोठ्याने जाहीर केले की, आमची विश्रांती संपली.

संध्याकाळी शेजारचे काका हाक मारतात आणि आम्ही त्यांच्याबरोबर डुमसच्या रस्त्याला जातो. ‘सुरतनुं जमण’ आणि काशीचे मरण यांची जोड लावणारी म्हण ज्यांनी केली त्यांनी सुरतकराचा रविवार पाहिला असला पाहिजे. रस्त्याच्या कडेला, पदपथावर, मिळेल त्या हिरवळीच्या तुकड्यावर सतरंज्या पसरून कुटुंबेच्या कुटुंबे बसलेली असतात; आजोबा लोडाविना लोडाला टेकल्यासारखे रेललेले, डबे उघडलेले, टोमॅटोची भजी कागदात येत असलेली, थंडीच्या दिवसांत पोंक; आणि कोणालाही कोठेही जावयाचे नसते. रविवारी माणसाने आनंदात का असावे हे पटविण्यासाठी दुसरे जॉन पॉल यांनी १९९८ साली एक प्रदीर्घ धर्मपत्र लिहिले. ते वाचलेला मनुष्य त्या सबंध रस्त्यावर मी एकटाच असेन, आणि घड्याळाकडे पाहणाराही मीच. कारण कोणाचा तरी तक्ता अजून रंगवावयाचा राहिलेला असतो. काका माझ्या पुढ्यात भज्यांचा कागद सरकवून म्हणतात, “आराम करो ने, साहेब!” एवढी चार शब्दांची आज्ञा सीनाय पर्वतावरील आज्ञेहून मला अधिक पाळता येते, हे पापनिवेदनात सांगावे की काय, हे मी अद्याप ठरविलेले नाही.

वसईच्या आप्तेष्टांनी रविवारी सुरतेस अवश्य यावे. भजी आमच्याकडे लागली. दुपारी दोन ते चार दार वाजवू नये, आणि येताना एक जादा सतरंजी आणावी. आणखी एकच विनंती आहे, ती कळकळीची आहे. शनिवारी सायंकाळच्या मिस्साला हजर राहिले असता रविवारचे कर्तव्य पूर्ण होते, अशी सवलत १९८३ सालच्या कॅनन कायद्यात दिलेली आहे. आमच्या चिरंजीवांचे वाचन अजून तेथवर पोहोचलेले नाही. पाहुण्यांनी त्यांच्यासमोर हा विषय काढू नये.